काठ कोणाचा आणि कौल कोणाचा?



नदीकाठ सुशोभित करण्याची एक लाट महाराष्ट्रातील शहराशहरांतून सध्या वाहते आहे. पुण्यात मुळा-मुठेच्या काठी ती हजारो कोटींचा आराखडा घेऊन आली. अकोल्यात मोर्णेच्या काठीही तिची चाहूल लागली. मोठ्या शहरात आज जे होते ते लहान नगरपरिषदेत उद्या होते, हा आजवरचा अनुभव आहे. सातपुड्यातून उतरून पूर्णेला मिळणारी आमची चंद्रभागा आणि तिच्या काठचे आमचे दर्यापूर या लाटेतून कायमचे सुटतील असे मानण्यास काहीच आधार नाही. सबब, प्रस्ताव दाराशी येण्यापूर्वीच त्याविषयी आपला विचार पक्का करून ठेवणे शहाणपणाचे आहे.

असा प्रस्ताव येतो तेव्हा गावात दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, हे तज्ज्ञांचे काम आहे, यात लोकांस विचारण्याचे कारणच काय? दुसरा म्हणतो, लोकांचा कौल घ्या. बहुमत सांगेल तसा पैसा खर्च करा. पहिला पक्ष आपल्या हिताचा नाही हे आपण चटकन ओळखाल. दुसरा पक्ष मात्र मित्राच्या वेषात येतो. त्याच्या तोंडी लोकशाहीची भाषा असते. म्हणून त्याचीच तपासणी अधिक कसोशीने केली पाहिजे.

आमचे स्पष्ट मत असे आहे की, पैशाचा कौल घ्यावा, अवश्य घ्यावा. परंतु हक्काचा कौल कोणासही घेता येत नाही. या दोन वाक्यांतील फरक ज्याला समजला तो फसणार नाही. ज्याला समजला नाही तो स्वतःच्या हाताने मत टाकून स्वतःचे घर गमावून बसेल.

प्रथम पैशाविषयी. महाराष्ट्रातील नगरपरिषदांच्या किंवा महापालिकांच्या कायद्यात एखाद्या खर्चावर मतदारांचे थेट मत घेण्याची तरतूद नाही. सर्वसाधारण सभेत नगरसेवक हात वर करतात आणि ठराव मंजूर होतो. पुण्यात तर तेवढेही उरले नव्हते. मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून ४४ किलोमीटर काठाची ही योजना सुमारे ४,७०० कोटी रुपयांची. ६ मार्च २०२२ रोजी पंतप्रधानांच्या पुणे दौऱ्यात तिचा प्रारंभ झाला आणि त्याच महिन्यात महापालिकेची मुदत संपली. त्यानंतर जानेवारी २०२६ मधील निवडणुकीपर्यंत शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. म्हणजे काठावर काम चालू असताना जवळजवळ चार वर्षे त्यास प्रश्न विचारणारा एकही निर्वाचित सदस्य सभागृहात नव्हता! लोकांचा कौल तर दूरच, लोकांच्या प्रतिनिधींचाही कौल नाही. ही स्थिती ज्यांस लोकशाही वाटते त्यांनी तो शब्द पुन्हा एकदा कोशात पाहावा.

थेट कौल ही आपल्याकडे अपरिचित गोष्ट आहे असा कोणी आक्षेप घेईल तर तो टिकणारा नाही. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्याच्या जनतेने महाराष्ट्रात विलीन व्हावे की नाही याचा निर्णय जनमत कौलाने स्वतः दिला. आणि इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. गावातील वा वॉर्डातील दारूचे दुकान बंद करण्यासाठी ‘उभी बाटली की आडवी बाटली’ असे मतदान महाराष्ट्रातील गावोगावच्या आयाबहिणींनी केले आहे. ज्या स्त्रीला सही करता येत नव्हती तिलाही आडव्या बाटलीवर शिक्का मारताना कोणा तज्ज्ञाची गरज पडली नाही. जी माता दारूच्या दुकानाचा निकाल लावू शकते तिला नदीकाठच्या खर्चाचा निकाल लावता येणार नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

परदेशात नदीकाठाच्या खर्चावरही असे मतदान झाले आहे. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात टल्सा नावाचे शहर आहे. तेथे २००७ साली आर्कान्सा नदीच्या विकासासाठी विक्रीकर वाढवावा काय, असा प्रश्न परगण्याच्या मतदारांपुढे ठेवला गेला आणि त्यांनी तो फेटाळला. पुढे २०१६ साली शहराने पुन्हा कौल मागितला तेव्हा एकच गाठोडे पुढे केले नाही. पोलीस व अग्निशमन हा एक प्रश्न, रस्ते व वाहतूक हा दुसरा, आणि नदीवरील बंधाऱ्यांसह इतर विकासकामे हा तिसरा, असे प्रश्न वेगवेगळे विचारले. तिन्ही मंजूर झाले. यातून आपण एवढेच घ्यावयाचे की, विचारलेल्या लोकांनी नेहमीच नकार दिला असे नाही. पण नकार देण्याची सोय होती म्हणूनच दुसऱ्या वेळी प्रश्न अधिक प्रामाणिकपणे विचारावा लागला.

येथे कोणी सांगेल की, पैसा वरून अनुदानाने येणार, आपल्या खिशातून काय जाते? हा भ्रम आहे. शासनाचा पैसा म्हणजे आकाशातून पडलेला पैसा नव्हे. सायकलच्या टायरसारख्या कितीतरी वस्तू आपण विकत घेतो त्यांत कर आहे, आणि तो कर देताना दुकानदार आपली जात विचारीत नाही. शिवाय अनुदानाने बांधलेला घाट पुढे झाडावा लागतो, त्यावरचे दिवे जाळावे लागतात, खचलेला कठडा पुन्हा बांधावा लागतो. तो खर्च वर्षानुवर्षे नगरपरिषदेच्या तिजोरीतून जातो. ब्रिटिश अमदानीत नगरपालिकेचे मत मालमत्तेवर आणि करावर अवलंबून असे. ज्याच्याकडे घरदार नाही त्याला मत नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकाराची मागणी केली ती हे कुंपण मोडण्यासाठीच. जो मत देतो तो हिशेबही मागू शकतो. हा हिशेब मागण्याचा अधिकार आपण भीक म्हणून मिळविलेला नाही.

आता दुसऱ्या वाक्याकडे वळू. हक्काचा कौल का घेता येत नाही?

याचे उत्तर आपल्याच इतिहासात, तेही पाण्याच्या काठावरच, लिहिलेले आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करावेत असा बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला. त्यास अनुसरून १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे अस्पृश्यांस खुले असल्याचा ठराव केला. हा ठराव बहुमताने झाला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली आपल्या माणसांनी त्या ठरावाप्रमाणे प्रत्यक्ष पाणी घेतले. आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्याच नगरपालिकेने तो ठराव रद्द केला. हाही निर्णय बहुमताचाच! तळे तेच, पाणी तेच, नगरपालिका तीच. फक्त हात वर करणाऱ्यांचे मन बदलले. पुढे दिवाणी दावा चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला. विरुद्ध पक्षाला अनादि काळापासूनची वहिवाट सिद्ध करता आली नाही, हे त्या निकालाचे मर्म होते. पाणी पिण्याचा अधिकार जर केवळ हात मोजून ठरावयाचा असता तर आपण १९२७ सालच्या ऑगस्टातच हरलो होतो.

बाबासाहेबांनी १९४५ साली मुंबईच्या आपल्या भाषणात बहुमताच्या या दाव्याची फोड करून दाखविली आहे. राजकीय बहुमत बदलते. आज इकडे असलेला मतदार उद्या तिकडे जातो. परंतु जन्माने ठरलेले बहुमत बदलत नाही. त्यात बाहेरच्या माणसाला प्रवेश नसतो. अशा बहुमताच्या हाती अल्पसंख्याकांचे मूलभूत अधिकार सोपविणे म्हणजे लोकशाही नव्हे. हा विचार नदीकाठाला जसाच्या तसा लागू पडतो. कारण काठावर राहतो कोण? गावाची रचना ज्यांनी केली त्यांनी आपली वस्ती गावकुसाबाहेर, पाण्याच्या उताराला टाकली. पुराचे पाणी प्रथम आपल्या उंबऱ्याशी येते आणि गावाची घाण शेवटी आपल्याच दाराशी साचते. धम्माच्या दीक्षेने आपले मन बदलले, नाव बदलले, मुलांचे भवितव्य बदलले. वस्तीची जागा मात्र पुष्कळ ठिकाणी बदललेली नाही. शहराच्या इतर भागांतील पाच हजार मतदारांनी काठावरील दोनशे घरांविषयी कौल द्यावयाचा असेल तर निकाल काय लागेल हे सांगण्यास ज्योतिषी नको.

अहमदाबादेत काय घडले ते पाहा. साबरमतीच्या काठासाठी १९९७ साली स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. दहा हजारांहून अधिक कुटुंबांना काठ सोडावा लागला. त्यांच्या संघटनेला २००५ साली गुजरात उच्च न्यायालयात जावे लागले, तेव्हा कोठे पुनर्वसनाचा प्रश्न कागदावर नीट मांडला गेला. पुष्कळांना सदनिका मिळाल्या. पण काम शहरात आणि घर शहराच्या टोकाला अशी अवस्था झाली. मजुरी करणाऱ्या बाईचा दिवस दोन तास अगोदर सुरू झाला आणि तिच्या मजुरीतून जाण्यायेण्याचे भाडे वजा झाले. फिरण्याची सुंदर वाट कोणाच्या पायाखालची जमीन काढून झाली हे त्या वाटेवर फिरणाऱ्याला दिसत नाही.

कायदा आपले रक्षण करील असे म्हणून स्वस्थ बसू नका. कायदा काय देतो आणि काय देत नाही, दोन्ही समजून घ्या. १९८५ साली ओल्गा टेलिस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी उपजीविकेचा अधिकार हा जीविताच्या अधिकाराचाच भाग आहे असे सांगितले. नोटीस द्यावी, म्हणणे ऐकून घ्यावे, असा दंडक घातला. परंतु त्याच निकालाने झोपड्या हटविण्यास सरसकट मनाई केलेली नाही, हे विसरू नये. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी त्याच न्यायालयाने बुलडोझरच्या मनमानीस आळा घालताना पंधरा दिवसांच्या नोटिशीचा नियम घालून दिला. मात्र रस्ता, पदपथ, लोहमार्गालगतची जागा आणि नदी वा जलाशय यांवरील अनधिकृत बांधकाम त्या संरक्षणातून वगळले आहे. नीट वाचा : नदी वगळली आहे. ज्याचे घर नदीच्या पात्रात मोडते असे उद्या नकाशावर रंगविले जाईल त्याला पंधरा दिवसांचीही हमी नाही. म्हणून नकाशावरील रेषा कोठून गेली, कोणी मारली आणि केव्हा मारली, हा प्रश्न आपल्यासाठी पोटापाण्याइतका महत्त्वाचा आहे.

नदीच्या नकाशावर दोन रेषा असतात. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा. शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. गरिबाचे घर निळ्या रेषेच्या आत असेल तर ते धोकादायक ठरते. पण त्याच निळ्या रेषेच्या आत भराव घालून बाग आणि उपाहारगृह उभे राहते तेव्हा त्याला विकास म्हणतात. पुराला हा भेद समजत नाही. २५ जुलै २०२४ रोजी पुण्यात मुठेचे पाणी सिंहगड रस्त्यावरील एकता नगरीत शिरले, तेव्हा त्याने कोणाचा आराखडा विचारला नाही. पात्र आवळले की पाणी दुसरीकडे वाट काढते, आणि ती वाट बहुधा सर्वांत सखल वस्तीतूनच जाते.

तिसरा मुद्दा कर्तव्याचा. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ यातील कलम ४९ नगरपरिषदेची कर्तव्ये दोन प्रकारांत विभागते : काही आवश्यक, काही ऐच्छिक. गटारे, सफाई, पिण्याचे पाणी ही आवश्यक कर्तव्ये होत. बागबगीचा, करमणूक ही ऐच्छिक. आवश्यक कर्तव्य पार पाडण्यास पैसा नाही ही सबब चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली रतलाम नगरपालिकेच्या प्रकरणात ठणकावून सांगितले आहे. तेथील एका वॉर्डाच्या रहिवाशांनी उघडी गटारे आणि मद्याच्या कारखान्याचे सांडपाणी यांविरुद्ध दंडाधिकाऱ्याकडे दाद मागितली होती. नगरपालिका तिजोरी रिकामी असल्याचे रडगाणे घेऊन दिल्लीपर्यंत गेली आणि हात हलवीत परत आली. मग जी नगरपरिषद आपल्या वस्तीच्या गटारासाठी पैसा नाही म्हणते, तिच्याकडे काठावरच्या दिव्यांसाठी पैसा कोठून येतो?

अकोल्याचे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोरचे आहे. १३ जानेवारी २०१८ रोजी हजारो नागरिकांनी मोर्णेच्या पात्रात उतरून जलपर्णी उपसली. देशभर कौतुक झाले; पंतप्रधानांनीही त्याच महिन्यात ‘मन की बात’मध्ये उल्लेख केला. त्या श्रमाचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. पण जलपर्णी पुन्हा वाढली. ती का वाढणार नाही? तिचे खाद्य सांडपाणी आहे आणि सांडपाणी थांबलेले नाही. मूळ तसेच ठेवून पाने तोडण्याचा हा प्रकार होय. पुण्याचा हिशेबही तोच सांगतो. सांडपाणी शुद्ध करण्यासाठी जपानी कर्जाची जी योजना २०१६ साली हाती घेतली तिचा आरंभीचा अंदाज सुमारे ९९० कोटींचा होता, आणि काठाच्या योजनेचा आकडा त्याच्या जवळजवळ पाचपट! पाणी शुद्ध करण्यास एक रुपया आणि काठ शोभिवंत करण्यास पाच रुपये, हे प्रमाण पाहून कोणाच्याही मनात प्रश्न उभा राहिलाच पाहिजे.

आणि आमची चंद्रभागा? पावसाळा ओसरला की तिची धार क्षीण होते. साबरमतीत नर्मदेच्या कालव्याचे पाणी आणून सोडले म्हणून ती बारमाही भरलेली दिसते. दर्यापूरला कोणती नर्मदा आणणार? हा सारा खारपाणपट्टा. विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही; पिण्याचे पाणी शहानूर धरणाकडून नळाने यावे लागते. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना पाटबंधाऱ्यांचे खाते त्यांच्याकडे होते. १९४५ साली कटक येथे ओरिसातील नद्यांसंबंधी बोलताना त्यांनी सांगितले की, पाणी अधिक झाल्याने माणसाचे जेवढे नुकसान होते त्याहून पाणी नसल्याने अधिक होते. पाणी ही संपत्ती आहे, ती साठवावी आणि लोकांच्या कामी लावावी. नदीविषयीची ही आपली दृष्टी. पाण्यावाचून तहानलेल्या पट्ट्यात कोरड्या पात्राला कठडे बांधणे ही ती दृष्टी नव्हे.

आम्ही सौंदर्याचे वैरी आहोत असा आरोप होईल. तो खोटा आहे. वऱ्हाडच्याच मातीतल्या गाडगेबाबांनी पूर्णेच्या काठी ऋणमोचन येथे घाट बांधविला. पण त्यांच्या हातात प्रथम खराटा होता. घाट नंतर आला. आणि त्या घाटासाठी कोणाचे घर पाडल्याचे आम्ही ऐकलेले नाही. आम्हाला हाच क्रम हवा आहे.

आणखी एका आमिषापासून सावध राहा. घाटाला किंवा चौकाला आपल्या महापुरुषाचे नाव देऊ, काठावर पुतळा उभारू, असे गोड बोलून आपल्याच वस्तीतून संमती मिळविली जाईल. ज्या कठड्यावर बाबासाहेबांचे नाव कोरायचे आणि ज्याच्या पायाखाली त्यांच्याच अनुयायांची चूल विझवायची, तो कठडा बाबासाहेबांचा सन्मान होऊ शकत नाही. आणि अशा सौद्यावर जो आपला पुढारी सही करील त्याला आपण पुढारी म्हणू नये.

सबब, आमची मागणी अशी आहे. नगरपरिषदेच्या कायद्यात दुरुस्ती व्हावी. नगरपरिषदेच्या एका वर्षाच्या घरपट्टीच्या मागणीहून अधिक खर्चाचे कोणतेही ऐच्छिक काम मतदारांच्या थेट कौलावाचून हाती घेऊ नये. काठ, दिवे, रस्ते, गटार यांचे एकच गाठोडे करून कौल मागू नये. प्रत्येक प्रश्न स्वतंत्र असावा. गटार आणि पाणी ही आवश्यक कामे पुरी झाल्यावाचून प्रश्न मतपेटीपर्यंत येऊ नये. आणि ज्या प्रस्तावाने एकही घर हलणार असेल त्यात पर्यायी घर त्याच गावात, कामाच्या ठिकाणाजवळ, अगोदर बांधून तयार असल्यावाचून कौलाचा दिवसच जाहीर होऊ नये. घर हलवावे की नाही हा प्रश्न तर मतपेटीत टाकूच नये. तो त्या घरातील माणसांचा, कायद्याचा आणि न्यायालयाचा प्रश्न आहे.

कायदा बदलेपर्यंत काय करावे? आपण हे करा. घराचे कागद एकत्र ठेवा : घरपट्टीची पावती, विजेचे बिल, जुन्या मतदार यादीतील नावाचा उतारा, शाळेचा दाखला. जितका कागद जुना तितका तो मोलाचा. माहितीच्या अधिकाराने पूररेषेचा नकाशा आणि योजनेचा आराखडा मागा. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. विकास आराखड्यात काही बदल होत असेल तर १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे जाहीर सूचना निघते आणि हरकतींसाठी साधारण महिन्याची मुदत मिळते. ती सूचना वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत असते. वस्तीतील शिकलेल्या एका मुलीवर वा मुलावर ती रोज पाहण्याचे काम सोपवा. हरकत लेखी द्या, पोच घ्या, सुनावणीस जा. नगरसेवक मत मागावयास येतील तेव्हा त्यांस एकच विचारा : सभागृहात हात वर करण्यापूर्वी आमच्या वस्तीची सभा घ्याल काय? उत्तर लिहून घ्या.

बहिष्कार घालून घरी बसू नका. आपण ज्या सभेत नसतो त्या सभेत आपल्याविषयीचे ठराव सर्वांत लवकर मंजूर होतात. मत द्या, विचार करून द्या, प्रश्न विचारून द्या. आणि जेथे आपल्या हक्काचेच मतदान मांडले असेल तेथे मतपेटीसमोरून सरळ न्यायालयाकडे जा. महाडची नगरपालिका ज्या दिवशी फिरली त्या दिवशी आपण तळ्याचा नाद सोडला नाही. दहा वर्षे झगडलो आणि जिंकलो. चंद्रभागेचा काठ त्याहून लांब नाही.